७०० मेगाहर्ट्झ कुणीच का घेत नव्हतं? भारताच्या ५जी विस्ताराचा प्रकरण अभ्यास

१ ऑक्टोबर २०१६ रोजी केंद्र सरकारने तोवरचा सर्वांत मोठा स्पेक्ट्रम लिलाव, म्हणजे मोबाइलच्या रेडिओ लहरींचा लिलाव, सुरू केला. मांडलेल्या स्पेक्ट्रमची राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किमान रक्कम, साडेपाच लाख कोटी रुपयांच्या वर होती. सहाव्या दिवशी लिलाव आटोपला तेव्हा बोली लागली होती ६५,७८९ कोटींची. त्यातला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकटाच चार लाख कोटींच्या घरातला होता, आणि त्याला एकाही कंपनीने हात लावला नाही. मार्च २०२१ मध्ये किंमत उतरवून तो पुन्हा मांडला. पुन्हा शून्य बोली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो पहिल्यांदा विकला गेला, तोही एकाच कंपनीला.

भारतातल्या ५जीची गोष्ट सहसा १ ऑक्टोबर २०२२ पासून सांगितली जाते. प्रगती मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत जगातल्या सर्वांत वेगवान विस्तारांपैकी एक घडला. ती खरी आहे. पण या न विकल्या गेलेल्या पट्ट्यापासून सुरुवात केली, तर सरकार कंपन्यांकडून नेमकं काय वसूल करू पाहत होतं आणि काय वसूल करायचं राहून गेलं, हे जास्त स्पष्ट दिसतं. माझ्या मते राहून गेली ती पोच. पैशांची वसुली सरकारला जमली. कुठल्या तालुक्यात, किती माणसांपर्यंत, कधी, हे वसूल करण्याचं कलम मात्र फार सैल लिहिलं गेलं.

गावाचा पट्टा, शहराचा पट्टा

कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून आत शिरतात. ७०० मेगाहर्ट्झवर चालणारा एक टॉवर विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांचा मोठा परिसर सांभाळू शकतो. ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, म्हणजे आज ५जीचा मुख्य भार वाहणारा पट्टा, डेटा भरपूर वाहून नेतात. पण अंतर वाढलं की लवकर थकतात, म्हणून टॉवर जवळजवळ लावावे लागतात. २६ गिगाहर्ट्झला तर एखादं झाडही आडवं येतं. थोडक्यात, शहरातल्या वेगासाठी ३.३ आणि गावापर्यंत पोचण्यासाठी ७००.

हा फरक भारतातल्या तंत्रज्ञांना चांगला ठाऊक होता. आपल्याकडच्या गावांसाठी मोठ्या अंतराचे टॉवर गृहीत धरून चाचणी व्हावी, दोन टॉवरांमध्ये सहा किलोमीटर अंतर धरावं, हा आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात धरला आणि मान्य करून घेतला. त्यावर आधारलेला '५जीआय' हा देशी मानकही तयार झाला. आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रासच्या मंडळींचं ते काम. कंपन्यांनी मात्र त्याला विरोध केला. जगापेक्षा वेगळा मानक म्हणजे वेगळे फोन, वेगळी उपकरणं, वाढीव खर्च, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेवटी २०२१ अखेर तो जागतिक मानकातच सामावून घेण्याचं ठरलं. कंपन्यांचं म्हणणं इथे मला पटतं. स्वस्त फोनांवर चालणाऱ्या बाजारात वेगळेपणाची किंमत शेवटी गिऱ्हाईकच मोजतं. पण गावासाठी वेगळं तंत्रज्ञान नको असेल, तर गावासाठी योग्य पट्टा तरी वेळेत हातात पडायला हवा होता.

तो पडला नाही. स्पेक्ट्रम कोठारात साठवून ठेवता येत नाही. एसटी सुटली की रिकाम्या सीटचं त्या फेरीचं तिकीट गेलं ते गेलं, तशी ७०० मेगाहर्ट्झची जवळजवळ सहा वर्षं गेली. या काळात ना सरकारला पैसा मिळाला, ना कुणाला सिग्नल.

११,४८५ कोटींचा आकडा आला कुठून

भारतात स्पेक्ट्रमची किंमत एकाच्या मर्जीने ठरत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, सल्लामसलत करून राखीव किंमत सुचवतं. दूरसंचार विभाग ती तपासतो, गरज वाटली तर परत पाठवतो, आणि शेवटचा शब्द मंत्रिमंडळाचा असतो. २०१६ च्या लिलावासाठी ७०० मेगाहर्ट्झची देशभराची किंमत दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी ठरली. हिशोब साधा होता: १८०० मेगाहर्ट्झच्या किमतीच्या चौपट. कमी टॉवरांत जास्त प्रदेश सांभाळता येतो, म्हणजे कंपनीचा खर्च वाचतो, मग त्या बचतीतला वाटा सरकारने का घेऊ नये?

कागदावर यात चूक काढणं कठीण आहे. अडचण अशी, की ही बचत ज्याला त्या प्रदेशात टॉवर लावायचेच आहेत त्याचीच होते. ज्या भागातून महिन्याला माणशी शे-सव्वाशे रुपये यायचे, तिथे मुळात जायचंच नसेल तर वाचणार काय? शिवाय विक्रीचा गठ्ठा किमान पाच मेगाहर्ट्झचा. म्हणजे देशभरासाठी सर्वांत छोटा तुकडा घ्यायचा तरी सत्तावन्न हजार कोटींच्या पुढे. त्याच्या महिनाभर आधी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओने फुकट बोलणं आणि फुकट डेटा घेऊन बाजारात उडी मारली होती. बाकीच्यांच्या उत्पन्नाला त्या महिन्यापासूनच गळती लागली.

मग इतकी किंमत लावणाऱ्यांना हे दिसत नव्हतं का? दिसत असणारच. पण त्या टेबलावर २जी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या आरोपांची सावली होती. २०१० च्या नोव्हेंबरात महालेखापालांनी १.७६ लाख कोटींच्या संभाव्य नुकसानीचा आकडा मांडला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, पण तोवर प्रशासनात एक धडा मुरला होता: किंमत कमी लावली तर चौकशी लागते; जास्त लावून माल पडून राहिला, तर त्याचा जाब कुणाला विचारला जात नाही. हातात फाइल असलेल्या माणसाने मग काय करावं? मला त्या अधिकाऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाही. नुकसान मोजणाऱ्या यंत्रणेला न विकलेल्या लहरींचं नुकसान दिसतच नसेल, तर फुगवलेली राखीव किंमत हाच सुरक्षित निर्णय ठरतो.

२०१८ मध्ये ट्रायने १८०० मेगाहर्ट्झच्या चौपटीऐवजी दुप्पट किंमत धरली. नवी किंमत दर मेगाहर्ट्झला ६,५६८ कोटी. मार्च २०२१ च्या लिलावात एकूण ७७,८१५ कोटींची बोली आली, जिओने एकटीने ५७ हजार कोटींच्या वर खर्च केला, पण ७०० कडे कुणी फिरकलं नाही. त्याच वेळी ट्रायने ५जीच्या मुख्य पट्ट्यासाठी सुचवलेले दर मेगाहर्ट्झला ४९२ कोटीही कंपन्या नाकारतच होत्या.

किंमत उतरली, पण खरं बदललं ते हप्त्यांचं कोष्टक

२४ ऑक्टोबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एजीआर निकाल इथे टाळता येणार नाही. सरकारी शुल्क ज्यावर आकारलं जातं त्या 'समायोजित एकूण महसूल' (एजीआर) या संज्ञेत दूरसंचाराबाहेरचं उत्पन्नही धरायचं, हा सरकारचा अर्थ न्यायालयाने मान्य केला आणि उद्योगावर सुमारे १.४७ लाख कोटींची थकबाकी उभी राहिली. सरकार खटला जिंकलं. मग लक्षात आलं, की वसुली रेटली तर तीनपैकी एक खाजगी कंपनी बुडेल आणि १४० कोटींच्या देशात दोनच खाजगी दुकानं उरतील. १५ सप्टेंबर २०२१ चं सुधारणा पॅकेज यातून आलं: थकबाकीला चार वर्षांची सवड, एजीआरमधून बिगर-दूरसंचार उत्पन्न पुढच्या काळासाठी वगळणं, आणि यापुढे लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमवर वार्षिक वापर शुल्क नाही.

एप्रिल २०२२ मध्ये ट्रायने नव्या शिफारशी दिल्या. मुख्य पट्टा ४९२ वरून ३१७ कोटींवर, ७०० मेगाहर्ट्झ ६,५६८ वरून ३,९२७ कोटींवर. सरासरी चाळीस टक्के कपात. कंपन्यांच्या संघटनेने नव्वद टक्क्यांची मागणी केली होती, त्यामुळे तिने नाराजी व्यक्त केली. पण जूनमध्ये मंत्रिमंडळाने ट्रायचेच आकडे कायम ठेवले. त्यासोबत जे दिलं ते कपातीपेक्षा मोठं होतं. रक्कम वीस समान वार्षिक हप्त्यांत. बँक हमी नाही. दहा वर्षांनंतर स्पेक्ट्रम परत करून पुढच्या हप्त्यांतून सुटका. वापर शुल्क तर आधीच गेलेलं.

लिलाव २६ जुलै ते १ ऑगस्ट चालला. चाळीस फेऱ्या, १,५०,१७३ कोटींची बोली. जिओ ८८,०७८ कोटी, एअरटेल ४३ हजार कोटींच्या पुढे, व्होडाफोन-आयडिया १८,७९९ कोटी, आणि अदानी डेटा नेटवर्क्स २१२ कोटी. दीड लाख कोटींचा मथळा सगळ्या वर्तमानपत्रांनी केला. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष जमा झाले १७,८७६ कोटी, तेही एअरटेलने चार वर्षांचे हप्ते एकदम भरले म्हणून. हप्त्यांच्या सोयीशिवाय हा लिलाव असा झाला असता असं मला वाटत नाही. सरकारला मोठा आकडा हवा होता, कंपन्यांना रोकड हातात हवी होती, दोघांचं भागलं.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी. जवळजवळ सगळा माल राखीव किमतीलाच गेला. खरी चुरस लागली ती उत्तर प्रदेश (पूर्व) सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार परवान्यांसाठी पाडलेल्या देशाच्या २२ भागांपैकी एकात, तीही १८०० मेगाहर्ट्झ या ४जीच्या जुन्या पट्ट्यासाठी. दर मेगाहर्ट्झला ९१ कोटींवरून बोली १६० कोटींवर चढली आणि केवळ तिच्यापायी लिलाव दिवसामागून दिवस लांबला. ५जीच्या लिलावात कंपन्या भांडल्या गोरखपूर-वाराणसीकडच्या ४जी गिऱ्हाइकांसाठी!

आणि ७०० मेगाहर्ट्झ? जिओने २२ ही सर्कलांत दहा-दहा मेगाहर्ट्झ घेतले. त्याचेच साधारण ३९,२७० कोटी, म्हणजे तिच्या एकूण बोलीचा पाऊण हिस्सा नसला तरी निम्म्याला थोडाच कमी. जिओने ४जीचा आधार न घेता स्वतंत्र ५जी जाळं उभं करायचं ठरवलं होतं, त्यासाठी तळाचा पट्टा हवाच होता. एअरटेलने उलटी वाट धरली. हाताशी ९०० मेगाहर्ट्झ आहेच, सध्याच्या ४जी जाळ्यावर ५जी चढवू, ७०० वर पैसा ओतायची गरज नाही. कोणतं तंत्र वापरायचं ते नियमाने ठरवून दिलं नव्हतं. हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. दोन वेगळे अंदाज, दोन वेगळी जाळी, आणि चूक झाली तर तिची किंमत ज्याची त्याने मोजायची.

किमान किती? फारच किमान

आता मूळ कलमाकडे. स्पेक्ट्रमसोबत किमान विस्ताराची अट येते. मुख्य पट्ट्यासाठी पहिल्या वर्षाची अट अशी होती: महानगर सर्कलमध्ये कुठेही व्यावसायिक सेवा सुरू करा, इतर सर्कलांत निदान एका शहरात. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळता राज्य आणि त्यात गोवा. पुणे किंवा नागपूर, एका ठिकाणी सेवा सुरू झाली की पहिलं वर्ष पार. नंदुरबार आणि गडचिरोली मोजणीतच नाहीत.

जिओ आणि एअरटेलला या अटीची गरजच पडली नाही. एकमेकांच्या धसक्याने त्या अटीच्या कितीतरी पुढे धावल्या. एअरटेलने पहिल्याच दिवशी आठ शहरं जाहीर केली, त्यात मुंबईसोबत नागपूर होतं. जिओने २२ सर्कलांची अट मुदतीआधी पूर्ण केली. फेब्रुवारी २०२५ अखेरीस देशात ४.६९ लाख ५जी बीटीएस (टॉवरवरची सिग्नल देणारी यंत्रं) उभे होते आणि सरकारच्या आकडेवारीप्रमाणे ९९.६ टक्के जिल्ह्यांत सेवा पोचली होती. सुमारे २५ कोटी लोक ती वापरत होते.

'जिल्ह्यांत पोचली' या मापाकडे जरा थांबून पाहू. जिल्ह्याच्या ठिकाणी सिग्नल आला की जिल्हा मोजला जातो. अहमदनगरसारख्या, आताच्या अहिल्यानगरसारख्या अवाढव्य जिल्ह्यात नगर शहर झळकलं की अकोले तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भागही आकडेवारीत झळकतो. ९९.६ हा आकडा खोटा नाही. त्याने मोजलेली गोष्ट मात्र नागरिकाच्या खिशातल्या फोनशी क्वचितच जुळते.

सैल अटीचं दुसरं टोक व्होडाफोन-आयडियात दिसतं. महाराष्ट्रासह चार सर्कलांत किमान विस्ताराची अट पूर्ण केल्याचं कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं. तरीही मुंबईत ग्राहकांसाठी रीतसर ५जी सुरू झालं ते मार्च २०२५ मध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनंतर जवळजवळ अडीच वर्षांनी. अदानींच्या कंपनीने खाजगी औद्योगिक जाळ्यांसाठी म्हणून घेतलेला २६ गिगाहर्ट्झचा ४०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम तर एप्रिल २०२५ मध्ये एअरटेलकडे देण्याचा करार झाला. त्यातले १०० मेगाहर्ट्झ मुंबईचे. ज्याला चुरस आहे तो अटीशिवाय धावतो, ज्याच्याकडे पैसा नाही तो अट कागदोपत्री भागवतो. मग ही अट नेमकी कुणाला बांधते?

धावपट्टीपाशी

२९ नोव्हेंबर २०२२. सेवा सुरू होऊन दोन महिने झाले होते. दूरसंचार विभागाने कंपन्यांना पत्र पाठवलं: विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतरात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचे ५जी टॉवर नकोत, त्यापुढच्या ५४० मीटरांत ताकद मर्यादित ठेवा. ज्या विमानतळांच्या परिसरात टॉवर आधीच उभे राहिले होते, त्यांत नागपूर, पुणे, दिल्ली, बंगळूर आणि गुवाहाटी ही नावं होती.

कारण तांत्रिक आहे आणि खरं आहे. विमान जमिनीपासून किती उंचीवर आहे ते सांगणारं रेडिओ उपकरण ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतं. जुन्या उपकरणांची गाळणी कच्ची असते. शेजारच्या पट्ट्यातला जोरकस सिग्नल त्यांना चकवू शकतो. जुन्या विमानांतली उपकरणं बदलली जाईपर्यंत हे अंतर पाळायचं होतं. उतरत्या विमानाच्या बाबतीत सावधगिरीवर वाद घालायला मी तयार नाही.

वाद आहे तो वेळेवर. अमेरिकेत याच प्रश्नावरून जानेवारी २०२२ मध्ये मोठा गोंधळ झाला, विमानफेऱ्या रद्द झाल्या, आंतरराष्ट्रीय कंपन्यांनी उड्डाणं थांबवली. तिथला ५जी पट्टा तर भारतातल्यापेक्षा या उपकरणांच्या अधिक जवळचा होता, म्हणजे आपल्याकडे धोका कमी होता. पण प्रश्न जगजाहीर होऊन आपला लिलाव सहा महिन्यांनी झाला. हवाई वाहतूक महासंचालनालय आणि दूरसंचार विभाग, दोन्ही एकाच सरकारची कार्यालयं. हे अंतर लिलावाआधी आखून दिलं असतं, तर कंपन्यांनी टॉवरच्या जागा त्या हिशोबाने निवडल्या असत्या. पुण्यात विमाननगर-लोहगाव ही दाट वस्ती विमानतळाला खेटून आहे; तिथे उभारलेलं बंद करणं आणि मुळात न उभारणं यात बराच फरक पडतो.

महापालिकेच्या दारात

स्पेक्ट्रम केंद्राचा, रस्ता महापालिकेचा. ५जीला दाट टॉवर लागतात, टॉवरला फायबर लागतं, फायबरला चर खणावी लागते, आणि चर खणायची परवानगी वॉर्ड ऑफिसातून येते. ५जी सुरू झालं तेव्हा देशातले साधारण एक-तृतीयांश टॉवरच फायबरने जोडलेले होते. राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाने सत्तर टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०२५ उजाडलं तरी ते गाठलं गेलं नव्हतं.

केंद्राने मार्गाधिकाराचे, म्हणजे तारा-टॉवरसाठी रस्ता आणि जागा वापरण्याच्या हक्काचे, नियम २०१६ मध्ये केले, ऑगस्ट २०२२ मध्ये ५जीसाठी सुधारले. पथदिव्याचा खांब, बसथांबा, वाहतूक सिग्नल यांवर छोटी यंत्रं बसवायला परवानगी दिली आणि दर बांधून दिला: शहरात एका खांबाला वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५०. खाजगी इमारतीवर टॉवर लावायला परवानगीऐवजी पूर्वसूचना पुरे. पुढे दूरसंचार कायदा २०२३ आला आणि त्याखालचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्या कायद्याने टॉवर आणि तारांचं जाळं ज्या मालमत्तेवर उभं आहे तिच्यापासून वेगळं धरलं, म्हणजे इमारतीच्या कराचा आणि वादांचा बोजा जाळ्यावर पडू नये.

महापालिकांच्या बाजूने कुणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं बोलतो. टॉवरवर मालमत्ता कर लावायचा अधिकार राज्यांना आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला होता. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, उरल्यासुरल्या उत्पन्नातलं हेही गेलं तर रस्ता दुरुस्त करायचा कशातून? पावसाळ्याच्या तोंडावर खणलेला रस्ता आणि त्यावरचा तात्पुरता मुरूम महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरवासीयाला सांगायची गरज नाही. केंद्राला दीड लाख कोटी, महापालिकेला खांबामागे ३०० रुपये. मग वॉर्ड ऑफिसात फाइल हळू सरकली तर नवल कसलं? लिलावाच्या रकमेतला छोटा हिस्सा परवानगीच्या वेगाशी बांधून पालिकांना दिला असता, तर नियमांच्या तीन आवृत्त्यांपेक्षा लवकर काम झालं असतं, असा माझा कयास आहे.

किरणोत्सर्गाच्या भीतीचा विषय मी मुद्दाम थोडक्यात उरकतो. भारतातली मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे, आणि आपल्या भागातल्या टॉवरची माहिती तरंग संचार पोर्टलवर बघता येते.

गावांचं बिल कुणी भरलं

२७ जुलै २०२२, लिलावाचा दुसरा दिवस. एकीकडे कंपन्या बोली लावत होत्या, दुसरीकडे त्याच दिवशी मंत्रिमंडळाने आणखी दोन निर्णय घेतले. २४,६८० गावांत, जिथे धड मोबाइल सेवाच नाही, ४जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी. आणि बीएसएनएलसाठी १.६४ लाख कोटींचं पुनरुज्जीवन पॅकेज. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी मंजूर झाले होते.

या दोन रकमा शेजारी ठेवून पाहा. त्या आठवड्यात सरकारने वीस वर्षांत मिळायचे दीड लाख कोटी कबूल करून घेतले, आणि गावांच्या जाळ्यासाठी व सरकारी कंपनीसाठी त्याहून जास्त खर्चाला मंजुरी दिली. गावांची जबाबदारी कंपन्यांच्या परवान्यातून उचलून तिजोरीवर ठेवली गेली. बीएसएनएलने देशी बनावटीचं ४जी उभारायला घेतलं. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून केलेलं हे तंत्रज्ञान जमलं, ही मोठी गोष्ट आहे. पण सुमारे ९७,५०० टॉवरांचं त्याचं राष्ट्रीय उद्घाटन व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. शहरात ५जी जुनं होत आलं तेव्हा.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: आम्ही महसुलाच्या पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत भरतोच, गावं त्यातून करा. युक्तिवाद चुकीचा नाही. ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात तो निधी त्याचसाठी आहे. पण मग निधीचा पैसा आणि परवान्याची अट एकाच नकाशावर मांडायला हवी होती, म्हणजे कोणतं गाव कोण करणार हे लिलावाआधी कळलं असतं.

ब्राझीलने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. तिथल्या ५जी लिलावाचं एकूण मूल्य सुमारे ४७ अब्ज रिआल धरलं गेलं, पण त्याचा बहुतांश भाग रोख न घेता कामाच्या रूपात घेतला: सगळ्या नगरपालिकांत टप्प्याटप्प्याने ५जी, महामार्गांवर आणि दुर्गम वस्त्यांत ४जी, सरकारी शाळांना जोडण्या. राजधान्यांची पहिली मुदत काही महिने लांबवावी लागली, सगळं गुळगुळीत झालं असं नाही. तिजोरीत थेट पैसा फार थोडा आला. भारतात असा लिलाव झाला असता तर दुसऱ्या दिवशी 'सरकारने लाखभर कोटींवर पाणी सोडलं' असा मथळा झळकला असता, आणि इथे पुन्हा त्या २०१० च्या अहवालाची भीती आडवी येते.

दोन मोठे, एक आजारी

स्पर्धेचं काय झालं ते थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने व्होडाफोन-आयडियाच्या १६,१३३ कोटींच्या व्याजाचे समभाग करून घेतले, एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे. सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के झाला. परवाना देणारा, हप्ते घेणारा, बीएसएनएलचा मालक आणि आता तिसऱ्या खाजगी कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक, सगळं एकच सरकार. ट्राय स्वतंत्र आहे हे खरं, पण तिची शिफारस स्वीकारणारा हात तोच.

दरम्यान जिओ आणि एअरटेलने दीड वर्षाहून अधिक काळ ५जी डेटा अमर्याद, जादा आकार न घेता दिला. व्होडाफोन-आयडियाने त्याविरुद्ध ट्रायकडे तक्रार केली होती. जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले आणि जिओने अमर्याद ५जी रोज दोन जीबी वा त्याहून मोठ्या योजनांपुरतं ठेवलं. त्याच्या आठवडाभर आधीच, २५-२६ जून २०२४ ला पुढचा लिलाव झाला. मांडला ९६,२३८ कोटींचा स्पेक्ट्रम, बोली आली ११,३४१ कोटींची. दोन दिवसांत, सात फेऱ्यांत खेळ आटोपला.

पुढच्या निविदेत काय हवं

ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, १ ऑक्टोबरपासून ते लागू झाले. त्यात एक कलम माझ्या दृष्टीने अख्ख्या ५जी प्रकरणातलं सर्वांत उपयोगी आहे: कुठे २जी, कुठे ४जी, कुठे ५जी मिळतं याचा नकाशा प्रत्येक कंपनीने संकेतस्थळावर टाकायचा. जिल्ह्यात चोवीस तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई. दर्जाची तपासणीही हळूहळू सर्कलवरून प्रत्येक सेलपर्यंत, म्हणजे टॉवरवरच्या एकेका यंत्राच्या टप्प्यापर्यंत, खाली आणायची. म्हणजे मोजायचं साधन तयार झालं आहे.

पुढच्या लिलावाच्या निविदेत त्याच नकाशाला दात द्यावेत. ७०० आणि त्याखालच्या पट्ट्यांसाठी सर्कल किंवा जिल्हा हे एकक काढून तालुका घ्यावा, आणि त्यातही लोकसंख्येची टक्केवारी. राखीव किंमत निम्मी करावी, पण उरलेली निम्मी रक्कम तालुकावार कामाच्या रूपात लिहून घ्यावी. काम वेळेत झालं नाही तर तेवढा हप्ता रोख वसूल व्हावा. जिथे बीएसएनएलचा टॉवर सरकारी पैशातून उभा आहे, तिथे खाजगी कंपनीला तोच टॉवर ठरलेल्या भाड्यात वापरू द्यावा आणि तिने तो वापरला तर तिची अट तेवढी पूर्ण धरावी. विमानतळ, संरक्षण, इस्रो यांचे राखीव टापू निविदेच्या परिशिष्टात आधीच छापावेत. आणि महालेखापालांना दरवर्षी एक आकडा मागावा: न विकलेल्या स्पेक्ट्रमचं त्या वर्षीचं नुकसान किती. तो छापला जायला लागला, की फाइलवर सही करणाऱ्याला ११,४८५ कोटींचा आकडा तितका सुरक्षित वाटणार नाही.